झेंडूच्या पैशांचं तिकीट

मुलीचे बाबा आखातात, दोह्याला वेल्डर म्हणून गेले तेव्हा ती बालवाडीत होती. सुरुवातीला पैसे सासऱ्यांच्या खात्यावर यायचे. मुलीची वही घ्यायची झाली तरी मला त्यांच्यापुढे उभं राहावं लागे. पहिल्या सुट्टीत मुलीचे बाबा आले आणि दुसऱ्याच दिवशी मला हिवरखेडच्या बँकेत घेऊन गेले.

"बाईमाणसाले खातं काहून पायजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"पैसा मी धाडतो बाबा, पण घर तिलेच चालवा लागते," ते म्हणाले.

पुढे, दर महिन्याला रक्कम जमा होते हे पाहून बँकेनं मला ठिबक सिंचनासाठी कर्ज दिलं. अर्ध्या एकरात झेंडू लावला. दसरा-दिवाळीला मी स्वतः टेम्पोत बसून अकोल्याच्या बाजारात जाऊ लागले. फोनवर ते पहिलं झेंडूचंच विचारायचे. कधीकधी वाटे, माझं विचारतच नाहीत.

मुलगी बारावीत असताना त्यांची कंपनी बंद पडली. दोन महिने पगार नव्हता. हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. आवाजावरून मी ओळखलं.

"या तुमी घरी," मी म्हटलं. "तिकिटाचे पैसे हायेत माह्याजवळ."

"तुह्याजवळ?"

"हो. झेंडूचे."

ते हसले. "काढ मंग," म्हणाले.

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एजंटाकडून मी तिकीट काढलं. त्यांच्या जुन्या चपलेच्या मापानं नवी जोडी घेतली. त्यांच्यासाठी पलंग खिडकीशी सरकवला. इतक्या वर्षांत ते कोणत्या कुशीवर झोपतात तेही नीट आठवेना.

निघायच्या चार दिवस आधी फोन आला. त्यांना तिथंच दुसऱ्या कंपनीत काम मिळालं होतं.

"पोरीले अमरावतीले शिकवाचं हाये ना. अजून दोन वर्षं. पण तू म्हणशील तर येतो."

'या', एवढाच शब्द म्हणायचा होता. कर्ज फिटलं होतं, फुलं चालत होती, पोरगी शिकलीच असती. पण बारा वर्षं परक्या मुलखात राबलेल्या माणसाला, तुमच्या पैशाची आता गरज नाही, असं कसं सांगायचं?

"करा काम," मी म्हटलं.

एजंटानं तिकीट रद्द करून, थोडे कापून पैसे परत दिले. ज्या सकाळी ते मुंबईहून गाडीनं अकोल्यात उतरणार होते, त्या सकाळी बाजारात फुलं विकून मी अकोला स्टेशनवर गेले. मुंबईची गाडी आली, माणसं उतरली, गाडी निघून गेली. तेवढ्यात त्यांचा फोन आला.

"कुठं हायेस?"

"अकोल्यात."

"काय भाव लागला आज?"

मी भाव सांगितला. मग ते हळूच म्हणाले, "तू जेवली का?"