लातूरच्या म्हशी थकल्यात!

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो का आहे हे विचारायचं नाही, हा दुसरा नियम. बाईनं 'थकले' म्हणायचं नाही. लक्ष्मी उठून जाते म्हणे! पुरुषांच्या थकण्यानं ती जात नाही. माझे थोरले चुलते, तात्या, पारावर पत्ते खेळून आले की दारातूनच ओरडतात, "थकलो बुवा!" लगेच पाणी, चहा, पंखा.

असं घर शिरूर अनंतपाळला, आणि दर रविवारी लातुरात स्पॅनिशचा क्लास. किस्से साचणारच! मला हैदराबादची स्पॅनिश बोलायची नोकरी हवी आहे. त्यासाठी आधी नांदेडला तोंडी परीक्षेत पास व्हायचं.

*

मॅडमनी विशेषण शिकवलं. कान्सादो म्हणजे थकलेला, कान्सादा म्हणजे थकलेली. "स्वतःवर एकेक वाक्य करा."

पोरांनी धडाधड केली. आम्हा बायकांचं काय? घरोघरी तोच नियम! सुनंदाताईंची म्हैस थकली होती. माझीही म्हैसच. मागच्या बाकावरच्या दोघींच्या शेळ्या!

मॅडमनी खडू खाली ठेवला. "अख्ख्या जिल्ह्यातली जनावरं थकलीत. बाई एकही नाही?"

*

डाळमिलवाल्यांचा गणेश एकदा ऐटीत म्हणाला, "सोय कान्सादो!"

मॅडम म्हणाल्या, "सोय लावलंस की तो स्वभाव होतो. म्हणजे तू लोकांना वीट आणणारा माणूस. थकवा काय, विश्रांती घेतली की जातो. म्हणून एस्तोय कान्सादो म्हणायचं."

सगळा वर्ग ओरडला, "मॅडम, पहिलंच बरोबर हाय!"

*

सुनंदाताई सरकारी दवाखान्यात नर्स आहेत. मुलगा स्पेनला, सून तिकडचीच. तिच्याशी बोलता यावं म्हणून क्लास लावलेला. एका रविवारी तणतणत आल्या.

"व्हिडिओ कॉल लावला, तर सून म्हणती, एस्तोय कान्सादा, मामा! आईला मामाच म्हणतेत तिकडं. सासूला तोंडावर सांगती, थकले म्हणून! आन माझा पोरगा मागं भांडी घासायलाय!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

ताईंनी पिशवीतून वही काढली. "काय म्हणणार? झोप म्हटलं बाई. तो घासंल." मग हळूच म्हणाल्या, "लई गुणाची हाय."

*

परीक्षेआधीच्या रविवारी मॅडमनी माझी तयारी घेतली. "कोमो एस्तास?" म्हणजे कशी आहेस?

"बिएन." मजेत!

"पहाटे उठून घरच्यांचा स्वयंपाक केलास, एसटीत उभी राहून आलीस, आणि मजेत? एका शब्दावर परीक्षा संपेल. खरं बोल, म्हणजे पुढचं बोलणं सुचेल."

मी तोंड उघडलं. 'एस्तोय'पर्यंत आले. पुढं पुन्हा 'बिएन'च जोडलं. सातासमुद्रापलीकडच्या भाषेतही लक्ष्मी उठून जाईल की काय!

मॅडम एवढंच म्हणाल्या, "घरी म्हणून बघ आधी."

*

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तात्या आणि आत्याबाई ओसरीवर बसलेले. मी देवापाशी दिवा लावून बाहेर आले. तात्या म्हणाले, "उद्या उदगीरचे पाहुणे यायलेत तुला बघायला. परीक्षा काय, पुढल्या साली दे."

"उद्याच देणार."

आत्याबाई कडाडल्या, "मग पाहुण्यांम्होरं चहा कुणी न्यायचा?"

"मी नाही. मी थकले."

"अगं, आत्ताच दिवा लागला! अशा टायमाला असलं बोलतेत व्हय?"

"थकले म्हणजे थकले, आत्याबाई! ट्रे धरून थकले, मान खाली घालून थकले, हो म्हणून थकले. पहाटेच्या एसटीनं नांदेडला जाणार. पाहुण्यांना येऊ द्या नाहीतर माघारी जाऊ द्या."

तात्यांनी आत आईला हाक मारली, "ऐकलं का हो हिचं? समजवा जरा पोरीला!"

आई बाहेर आली. हाताला कणीक तशीच. ओसरीवर ती कधी बसत नाही. माझ्याकडे बघत ती तात्यांसमोरच्या खुर्चीत बसली.

"मी बी थकले," आई म्हणाली.

तात्यांनी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईंनी दिव्याकडं.

आत देवापाशी दिवा जळत होता.