बैठकीत धावणारी जीप

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आमच्या अण्णांना सांगितलं, चाला, फिरा, फक्त गाडी चालवू नका. अण्णांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं आणि घरातच बसून राहिले. केज ते युसूफ वडगाव जन्मभर प्रवाशांची जीप हाकलेला माणूस तो. जीप आता धाकट्या काकांच्या हातात होती. 'चला की, पुढच्या शिटावर बसा,' असं काका म्हणाले की अण्णा उसळायचे. 'माझ्याच गाडीत म्या पाशिंजर म्हणून बसू का बे?' मग दिवसभर आईच्या भाजीत मीठ कमी आणि माझ्या कामात खोट. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त भीती वाटायची. हा माणूस असाच खुर्चीत वाळून जाईल, ही भीती.

मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कुठल्या टाकीत पाणी किती, कुठली गाडी कुठं, ही माहिती ज्या क्षणी येते त्याच क्षणी डोळ्यांपुढं उभी करायची, आणि तीही अशी, की आपण तिच्या मधोमध उभे आहोत असं वाटावं. ब्राऊजरमध्ये लिंक उघडायची, व्हीआरचा चष्मा चढवायचा, झालं. सरावासाठी मिळालेला कारखान्याचा डेटा बघून मला जांभया यायला लागल्या, म्हणून मी काकांच्या मोबाईलवर एक पान उघडून दिलं. गाडी कुठं आहे ते आपोआप यायचं. माणूस चढला की एक बटण, उतरला की दुसरं. इकडे चष्म्यात आमच्या बैठकीच्या फरशीवर रस्ता उमटायचा, त्यावर जीपचा निळा डबा, आणि डब्यावर दर प्रवाशामागं एक पिवळी चकती.

पुण्याची सहकारी तिच्या घरून याच दृश्यात यायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, 'हा डबा केजच्या स्टँडवर सारखा पुढेमागे का होतो? लोकेशन चुकतंय. थांब, मी ते सरळ करून टाकते.'

'हात लावशील तर बघ!' मी ओरडलेच. मग तिला समजावलं. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय सुटत नाही. भरत नसली की ड्रायव्हर इंजिन चालू करतो आणि निघाल्यासारखी गाडी जरा पुढं घेतो. चहा पिणारे कप टाकून धावत येतात. मग गाडी पुन्हा मागं. याला हूल देणं म्हणतात. ती इतकी हसली, की तिला चष्मा काढावा लागला.

एका दुपारी तो चष्मा मी अण्णांच्या डोक्यावर चढवला. 'बैलाची झापड हाय ही,' ते कुरकुरले. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, 'हूल देतंय बघ! अजून पुढं घे की रं, एवढ्याशा हुलीला कोण भुलतंय!'

त्या दिवसापासून चष्मा त्यांचाच. मला कामाला मागून घ्यावा लागे. चष्मा घालूनच ते काकांना फोन लावत: 'मधीच थांबला कावून? फाट्यावर माणूस चढलं न्हाई का? मग बटण कुनी दाबायचं?' तीन-चार दिवसांत काका रडकुंडीला आले. संध्याकाळी घरी येऊन हात जोडून म्हणाले, 'दादा, तुमी घरी बसून माझ्या डोक्यावर बसलाव. त्यापरीस स्टँडवर या!'

जेवताना अण्णा मला म्हणाले, 'तुझं यंत्र लई भारी हाय गं. पर त्यात गाडी दिसती, माणसं न्हाई दिसत. कोन चढलं, कुनाचं काय चाललंय, काय कळत न्हाई.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले तेव्हा खुर्ची रिकामी होती. आई म्हणाली, 'पांढरा शर्ट घालून गेलेत. कुठं, ते विचारायची सोय हाय का?'

मी चष्मा चढवला. निळा डबा केजच्या स्टँडवर उभा. त्यावर एकही चकती नाही. थोड्या वेळानं एक पिवळी चकती चढली. आणि डबा सुटला. हूल नाही, मागं येणं नाही, सरळ वडगावच्या रस्त्याला लागला.

'अगं, आज नक्की डेटा चुकलाय,' सहकारी म्हणाली. 'एका माणसावर तुमची जीप कशी सुटेल?'

'चुकला नाही,' मी म्हणाले. 'ते माझे वडील आहेत.'

चष्म्याच्या काचा आतून धुरकट झाल्या, तरी मी तो काढला नाही. डबा वडगावात पोचला, चकती उतरली, आणि माझा मोबाईल वाजला.

'दिसलो का गं?' अण्णांनी विचारलं.

'दिसलात, अण्णा,' मी म्हणाले.