भोंग्याची जीप आणि दुधाची रांग

बरीच वर्षं कीटकनाशकं विकल्यावर एका परदेशी आरोग्य संस्थेनं मला सल्लागार म्हणून घेतलं. धंद्याची अक्कल आरोग्याला लावायची; आफ्रिकेतल्या खेड्यांत आणि आमच्या आंबेगाव तालुक्यात एकाच वेळी. ज्याची योजना चालेल तो जिनिव्हात भाषण करणार होता. मी पहिल्याच आठवड्यात पुण्याहून जाड स्वेटर आणला.

काम होतं रक्तदाब तपासण्याचं. मी तक्ते काढले: ग्राहक कोण, स्पर्धक कोण, माल पोचवायचा कसा. शेवटी उत्तर निघालं तेच कीटकनाशकांच्या वेळचं जुनं, जीपवर भोंगा. निरगुडसरजवळच्या एका वस्तीवर भर दुपारी पुकारा करत शिरलो, तर दारं धडाधड लागली. शेळ्या आत, म्हाताऱ्या आत. स्लॅबवरून एक जण ओरडला, "ओ पावणं, कुठं दिसला?"

"कोण?"

"बिबट्या! मागल्या खेपेला अशीच जीप आलती."

आमच्याकडं भोंग्याची जीप वनखात्याची. ती आली की घरात बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक. मी स्वतः याच तालुक्यातल्या पेठ गावचा, तरी मला आठवलं नाही. त्या दिवशी दोनच तपासण्या झाल्या, ड्रायव्हरची आणि माझी. माझा रक्तदाब वाढलेला निघाला.

वस्तीवर सरकारी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मग माझं मशीन मागून घेतलं आणि सकाळी दूध डेअरीवर जाऊन बसल्या. रांगेतल्या माणसाला म्हणायच्या, "दुधाची फॅट लागंस्तवर हात द्या हिकडं." आठवड्यात अख्खी वस्ती तपासून संपली.

मी जळलो. त्यांच्या नोंदी चुकीच्या असतील या आशेनं गुपचूप चार जणांना परत तपासलं. सगळं बरोबर. अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं.

पुढं संस्थेच्या परदेशातल्या मॅडम डेअरीवर आल्या. दुभाषी मीच. त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची?

ताई लाजल्या. "माझी कसली कल्पना? दूध घालायला समदी येत्यातच की."

मी इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, कल्पना त्यांची नाही." शब्दाला शब्द खरं. मग नम्रपणे खाली बघत थांबलो.

फॅटच्या मशीनवरून मान वर न करता डेअरीचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, दिस आयडिया ताई. हिज आयडिया, लेपर्ड."

मॅडमना बिबट्याची गोष्ट अख्खी ऐकायची होती. ती त्यांना इंग्रजीत मलाच सांगावी लागली.

जिनिव्हाला ताई गेल्या. जायच्या आधी म्हणाल्या, "भाऊ, तिकडं लई थंडी असती म्हणं?" सगळ्यांदेखत विचारलं, मग काय, स्वेटर दिला.

मोबाइलवर फोटो आला. ताई स्टेजवर, साडीवर माझा स्वेटर, बाह्या दोनदा दुमडलेल्या, समोर टाळ्या वाजवणारं जग. मी फोटो मोठा करकरून पाहिला, काहीतरी खोट सापडावी म्हणून. सापडली. गळ्याशी किमतीचं लेबल लोंबत होतं. ते काढायचं मी विसरलो होतो की विसरलो नव्हतो, हे आता नक्की सांगता येत नाही. पण तो दिवस मला बरा गेला.