टाकीतले पिवळे मासे

लसूण ठेचल्याचा वास आला की जाफराबादच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. दादानं हौसेनं काचेच्या टाकीत आफ्रिकेतल्या तळ्यातले पिवळे-निळे मासे पाळले होते. बोटाएवढे, पण दिवसभर दगडांतून एकमेकांच्या मागे धावणारे. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून खिडक्या बंद होत्या आणि वहिनीजवळ तिचं तान्हं बाळ झोपलं होतं. सहज टाकीकडे पाहिलं, तर सगळे मासे वर येऊन आ वासत होते. एक पिवळा तर आडवाच झाला. "दादा, मासे असं काहून करून राह्यले?" मी विचारलं. वहिनी म्हणाली, "मला बी मळमळून राह्यलं. लसूण कोन ठेचला?" कुणीच ठेचला नव्हता. दादाचा चेहरा उतरला. शेजारच्या खोलीतल्या गव्हाच्या कोठीत त्यानं सकाळीच किडीसाठी विषारी गोळ्या टाकल्या होत्या; हा वास त्यांतून निघणाऱ्या वायूचा होता. "बाहेर निघा, जल्दी!" म्हणत त्यानं बाळाला उचललं. बाळ जागं झालं नाही. भर पावसात अंगणात आम्ही त्याला हलवत राहिलो, तेव्हा कुठं बऱ्याच वेळानं ते रडलं. मासे मात्र सगळे मेले. वहिनीचा तो मुलगा आता शाळेत जातो. पण दुपारी गाढ झोपला, की वहिनी हातातलं काम टाकून त्याला हलवून उठवते.