वरून वाढणारी कौसाबाई

कौसाबाई आमच्या वस्तीतल्या पोरांना वाढायची नाही, टाकायची. पोरानं ताट जमिनीवर ठेवायचं, मागे सरायचं, मग ही कमरेत न वाकता हातभर उंचीवरून पळी उपडी करणार. गावठाणातल्या पोरांच्या ताटाला मात्र तिची पळी टेकायची. तोंडावर मी तिला अहो-जाहो करत असे, कारण ती माझ्या सासूच्या वयाची होती. इथे करणार नाही.

ही नव्वदच्या दशकातली, पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावची गोष्ट. मी भिंगारची. दहावी होऊन, लग्न करून त्या गावच्या बौद्धवस्तीत आले आणि चावडीशेजारच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीची सेविका झाले. कौसाबाई तिथली मदतनीस, म्हणजे नावाला माझ्या हाताखालची. विधवा, मूलबाळ नाही, सरपंचांच्या भावकीतली. तिनं मला कधी 'बाई' म्हटलं नाही. "ए भिंगारची" एवढीच हाक. मी भरलेल्या हंड्यातलं पाणी ती पीत नसे, घरून तांब्या आणायची.

तिला स्वयंपाक येत होता, हे लिहायला मला आवडत नाही, पण येत होता. सरकारी गव्हाचा दलिया आणि काळा पडलेला गूळ यांची ती अशी लापशी करायची की आजारी पोरसुद्धा ताट चाटून पुसून ठेवी. आणि तिथला दाणाही तिनं कधी घरी नेला नाही. त्या वर्षी पाऊस नव्हता. वस्ती आणि गावठाण, दोन्हीकडच्या बाया सकाळीच रोजगार हमीच्या कामावर, पाझर तलावावर दगड-माती वाहायला जात, त्या दिवस कलल्यावर परतत. तोवर पोरांच्या पोटात गरम असं जे काही पडे ते आमच्या पातेल्यातलंच.

मी तिला वाढण्यावरून बोलले की तिचं ठरलेलं वाक्य यायचं : "पोट समद्यांला हाय. पन पंगत ज्याची त्याची." जणू ही तिची दया होती.

माझी सुजाता तेव्हा चार वर्षांची. एकदा तिनं ताट खाली ठेवलं, पण हात मागे घ्यायला विसरली. वरून आलेली कढत लापशी तिच्या मनगटावर पडली. पोर किंचाळली. कौसाबाई जागची हलली नाही. "हात कशापायी आडवा घातला तिनं?" असं मलाच विचारलं. मी तिच्या हातातली पळी हिसकून घेतली आणि उरलेल्या सगळ्या पोरांना स्वतः वाढलं. गावठाणातली निम्मी पोरं घरच्या धाकानं न जेवता उठली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की भिंगारचीनं पातेलं बाटवलं.

मी सरपंचांकडे गेले, मग आमच्या मुख्यसेविकेकडे. सरपंच म्हणाले, गावाला धरून राहावं. मुख्यसेविकाही तेच म्हणाली, फक्त शुद्ध भाषेत. पळी पुन्हा कौसाबाईच्या हाती गेली. त्या दिवसापासून कामापुरतं सोडून मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

उन्हाळ्यात सरपंचांच्या पुतण्याचं लग्न निघालं. भर सकाळी अंगणवाडीच्या दारात टेम्पो येऊन उभा राहिला. दलियाची पोती, गूळ, तेलाचे डबे लग्नापुरते उसने हवेत, लग्न झालं की परत आणून टाकू, असं सरपंचांचा भाऊ सांगू लागला. परत काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी नाही म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ आत निघाला. तेव्हा कौसाबाई चुलीपासून उठली आणि उंबऱ्यात जाऊन बसली.

"वैनी, सरका," तो म्हणाला.

"लेकरांच्या तोंडचं हाय ह्ये," ती म्हणाली. "वऱ्हाडाला जेवू घालायचं आसंल तर आपल्या कनगीतलं काढ. न्हाईतर मला तुडवून आत जा."

भावकीतल्या बाईला कोण तुडवणार? टेम्पो रिकामा गेला. माझ्याकडे न पाहता ती चुलीशी परतली, आणि दुपारी सुजाताच्या ताटात तिनं लापशी टाकली ती नेहमीच्याच उंचीवरून.

लग्न उरकल्यावर सरपंचांनी मला घरी बोलावलं. पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली, आत चहाही सांगितला. कौसाबाई तुमच्या पोरांत भेदभाव करते, तशी लेखी तक्रार द्या, आठवड्यात तिला काढतो, असं त्यांचं म्हणणं. यात खोटं काहीच नव्हतं. हेच गाऱ्हाणं घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले होते.

"देते," मी म्हणाले. "पण टेम्पो कशाला आला होता, तेही त्यात लिहीन."

चहा बाहेर आलाच नाही.

कौसाबाईला त्यांनी वयाचं निमित्त करून काढलं. माझं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. जाताना दारात थांबून म्हणाली, "माज्यासाठी न्हाई बोललीस तू. म्हाईत हाय मला."

"नाहीच," मी म्हणाले. तेच खरं होतं.

तिच्या जागी सरपंचांची भावजय आली. ती गोड बोलायची, सगळ्या पोरांना एका रांगेत बसवायची, आमच्या पोरांच्या पाठीवरून हात फिरवायची. आणि लापशी दिवसेंदिवस पातळ होत गेली. गूळ तर नुसता वासाला. पोरं जेवून उठायची ती भुकेलीच. आमच्या पोरांना मान आणि पोटभर जेवण एकाच हातून मिळावं, एवढंही त्या गावाला जमत नव्हतं.

पुढे पारनेरच्या बाजारात कौसाबाई दिसली. मी तोंड फिरवलं, तर तीच आडवी आली.

"पोरं पोटभर जेवत्यात का?"

"नाही."

"मंग तू काय करतीस तितं?"

एवढंच बोलून ती गर्दीत शिरली. मी घरापर्यंत धुमसत गेले. रागातच दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या आयांना गाठलं आणि रोज एकेकीनं कामाचा खाडा करून पातेल्यापाशी बसायचं ठरवून घेतलं. सुरुवातीला त्या आपसातच भांडल्या. पण दलिया किती पडतो हे बघायचं तर शेजारी बसावं लागतं, तशा त्या बसू लागल्या. लापशी पुन्हा घट्ट झाली.

कौसाबाई गेली तेव्हा तिच्या मातीला मी गेले नाही. कोणी बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी गेले नसते. त्या दिवशी अंगणवाडीत मटकीची उसळ होती. सगळी पोरं एका रांगेत बसून पोटभर जेवली. कौसाबाईला त्यातलं अर्धंच पटलं असतं.