पापड लाल का पडले

उडदाचे पापड तळले की लाल पडत होते आणि त्याचा ठपका वहिनीवर आला होता. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच उन्हाळा. आमच्या गल्लीत आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असे बायका मिळून पापड लाटतात. आमच्याकडे लाटणाऱ्यांत नवं माणूस ती एकटीच. "तिन्हा हात गरम शे," असं ठरूनही गेलं. गरम हातानं पापड लाल पडतो म्हणे. मग तिला लाटायला कुणी बोलवेना. समोरच्या घरात हसणं-खिदळणं चालायचं, ही ओट्यावर नुसती बसून.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. लोणखेड्याला बी.एस्सी. केलं, आणि ते मी छाती काढून सांगतो. तिथं एक गोष्ट पक्की शिकलो: एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. आईला म्हटलं, पीठ एकच घे, अर्धे पापड तू लाट, अर्धे वहिनी लाटेल.

वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, मन्हाच हात निंघना तर?"

"तर तेबी समजी जाई."

शेजारच्या काकू दारातून ओरडल्या, "कॉलेजमा पापड लाटणंच शिकना का रे तू?"

वाळल्यावर तळले. कुठला कुणाचा, हे आईला सांगितलं नाही. सगळेच लाल! म्हणजे हात निर्दोष सुटला. राहिला पापडखार. आई दरवर्षी खड्यांचा खार आणायची, यंदा बाजारात पूड मिळाली. माप मात्र तीच वाटी. खड्यांमध्ये जागा राहते, पूड दाबून बसते, म्हणजे खार जास्तच पडणार. पुन्हा पीठ भिजवलं, निम्म्यात खार कमी घातला, दोन्ही वहिनीनंच लाटले. कमी खाराचे पांढरे फुलले.

आईनं गुपचूप खार कमी केला असता तरी भागलं असतं. पण ती ताट घेऊन गल्लीत उभी राहिली. "ऐका वं बठ्याजणी! मन्ही सूनना हात गरम नही. खार मन्हाच जास्त पडना." सासूनं असं चारचौघींत बोललेलं मी तरी पाहिलं नव्हतं. माझ्या डिग्रीपेक्षा मला तिचाच अभिमान वाटला.

काकूंनी पापड मोडून खाल्ला. दुसरा उचलला. मग वहिनीकडे न बघताच म्हणाल्या, "सकाळमा येजो वं पोर. लाटणं लई येजो."

वहिनी हो म्हणायचंही विसरली आणि आत लाटणं शोधायला पळाली.