हंगामी बाई

गावात मुलींची पहिली शाळा निघाली तेव्हा माझी आत्या सतरा वर्षांची होती आणि तिची ट्रंक भरून तयार होती. शहरातल्या अध्यापिका विद्यालयात तिला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांचं शिक्षण, राहायला वसतिगृह, आणि पुढे नेमणूक मिळेल त्या गावी बिऱ्हाड. कुठलंही गाव चालेल, असं ती म्हणायची.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मुलांच्या शाळेत मास्तर होते. मुलींच्या शाळेसाठी त्यांनी चार वर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. मंजुरी आली ती दोन अटींवर. पटावर निदान वीस मुली हव्यात, आणि शिकवायला बाईच हवी. मुली त्यांनी घरोघर फिरून जमवल्या. बाई मात्र ऐनवेळी फिरली. ठरलेल्या शिक्षिकेने येत नाही म्हणून कळवलं.

आजोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "दोन महिने सांभाळ," ते म्हणाले. "तोवर वरून कुणाला तरी पाठवतील. तुझा प्रवेश काय, पुढच्या वर्षीही मिळेल."

"आणि नाही पाठवलं तर?"

"आधीच अपशकुन करू नकोस."

आत्याने ट्रंक पलंगाखाली सरकवली.

शाळा भरायची जुन्या जकात नाक्याच्या खोलीत. रस्त्याकडे एकच खिडकी होती, तीही पालकांच्या हट्टापायी खिळे ठोकून बंद केलेली. बाजारातल्या माणसांनी आत डोकावायला नको! उजेड यायचा तो छपरातल्या एका काचेच्या कौलातून. उन्हाचा चौकोन जसा सरकेल तशा मुली पाट्या घेऊन त्याच्यामागे सरकायच्या. बऱ्याच जणी धाकटं भावंड घेऊनच यायच्या. "पटावर बावीस, कडेवर सात," असं आत्या सांगायची.

वरून कुणी आलं नाही. दोन महिने गेले, दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी तपासनीस आले तेव्हा आत्याने त्यांना गाठलं.

"साहेब, मला कायम कधी करणार?"

"तुमचं प्रशिक्षण झालेलं नाही. कायम करता येत नाही."

"मग प्रशिक्षणाला पाठवा."

"तिथे कायम शिक्षिकांनाच पाठवतात."

"बरं, मी माझी जाते. दोन वर्षांची रजा द्या."

"हंगामी माणसाला एवढी रजा नसते, बाई."

"मग राजीनामा देते."

तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. "द्या की. पण बाई नाही तर शाळा नाही. वडिलांना एकदा विचारा, आणि मग द्या."

ती धमकी नव्हती, हे तिला सहाव्या वर्षी कळलं. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी ती तीन आठवडे परगावी गेली. परत येऊन पाहते तो वर्गात चुन्याच्या गोण्यांची थप्पी आणि फळ्याच्या पायाला शेळी बांधलेली. "रिकामीच होती खोली, म्हटलं वापरावी," नगरपालिकेचा कारकून म्हणाला. पहिल्या दिवशी सहा मुली आल्या. बाकीच्यांसाठी आत्या दोन महिने दारोदार फिरली. विणकराची नऊ वर्षांची मुलगी, गणितात सगळ्यांच्या पुढे, तेवढ्यात मागावर बसवली गेली होती. "आता तिचा हात बसलाय, बाई," तिचा बाप म्हणाला. आत्या चार वेळा गेली. ती मुलगी काही परत आली नाही.

त्यानंतर आत्याने गाव सोडायचं नाव मोठ्याने काढलं नाही. भेटेल तो म्हणायचा, "बाई, तुम्ही आहात म्हणून शाळा आहे." लोक मनापासून बोलायचे. आत्या मात्र एकदा माझ्या वडिलांना म्हणाली, "हे वाक्य ऐकलं की कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं रे."

ती सव्वीस वर्षांची असताना एक मोजणीदार जमिनींच्या मोजणीसाठी गावात दोन वर्षं राहिला. शाळेसमोरच त्याची खोली होती. बदलीचा हुकूम आला तसा तो आजोबांकडे येऊन रीतसर बोलला, आणि मग शाळा सुटल्यावर आत्याशी.

"मी मोजलीय तुमची खोली," तो म्हणाला. "अठरा फूट बाय अकरा. एवढ्यात आयुष्य मावतं का?"

"बावीस मुली मावतात."

"मी तुमचं विचारतोय."

तिने फळा पुसायला घेतला. त्याने वर्षभर वाट पाहिली, दोन पत्रं पाठवली, मग दुसरीकडे लग्न केलं. ती बातमी आली त्या दिवशी सतराचा पाढा सांगताना आत्या चुकली. मुली हसल्या, तीही हसली, आणि एकाएकी म्हणाली, "जा गं, घरी जा सगळ्या." भर दुपारी वर्ग सोडण्याची तिची ती पहिलीच वेळ.

बाराव्या वर्षी नियम बदलला. हंगामी शिक्षिकांनाही प्रशिक्षणाला घेणार होते. वयाची मर्यादा पस्तीस, आणि अर्ज शाळा समितीमार्फत करायचा. समितीचे चिटणीस आजोबाच. आत्याने अर्ज लिहून त्यांच्या हातात दिला. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दिला. असे चार अर्ज तिने केले. "वरच्यांचं काही सांगता येत नाही बघ," आजोबा म्हणायचे.

मग तिने दुसरी वाट धरली. शिंप्याची एक मुलगी होती, सगळे तिला ठिणगी म्हणत. आत्याने तिला आपल्या जागी उभी राहील अशी तयार करायला घेतली, तुरुंगातला माणूस भुयार खणतो तशी, रोज थोडं थोडं. शिंप्याला तिनेच राजी केलं आणि ठिणगीला त्याच अध्यापिका विद्यालयात धाडलं, स्वतःची ट्रंक देऊन. ठिणगी दोन वर्षांनी पास झाली. आता ती इथे येईल आणि आपण सुटू, असा आत्याचा हिशेब होता. पण नेमणुकीचा हुकूम निघाला तो तिसऱ्याच गावचा. त्याच वर्षी आत्याला पस्तिसावं संपून छत्तिसावं लागलं.

ठिणगी आली ती पुढे नऊ वर्षांनी, मुख्याध्यापिका होऊन. शाळा तोवर नव्या इमारतीत गेली होती आणि आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. जुनी कपाटं लावताना तिला एक कागदांचा गठ्ठा सापडला.

"बाई, हे अक्षर तुमचं आहे ना?"

आत्याचे चारही अर्ज त्यात होते. एकही पुढे गेलेला नव्हता. खाली वरच्या कचेरीचं एक पत्र होतं. आपल्या हंगामी शिक्षिकेने अर्ज का केला नाही, त्या जाणार असल्यास दोन वर्षांसाठी बदली शिक्षिका पाठवू, असं विचारलं होतं. त्याला आजोबांनी दिलेल्या उत्तराची नक्कल टाचलेली होती. 'सदर शिक्षिका जाण्यास राजी नाहीत.'

आत्याने ते दोनदा वाचलं. ठिणगी पाणी घेऊन आली, ते तसंच राहिलं. आत्या उठून थेट आमच्या घरी आली. मी नऊ वर्षांची होते, दारातच खेळत होते.

"तुला माहीत होतं?" तिने माझ्या वडिलांना विचारलं.

वडील खाली बघत म्हणाले, "शेवटच्या दुखण्यात सांगितलं त्यांनी. बदली बाई पाठवतील यावर त्यांचा विश्वास नव्हता, ताई. एकदा फसले होते ना. आणि तू गेलीस की परत येणार नाहीस, असंही वाटायचं त्यांना."

"नसतेच आले," आत्या म्हणाली. "पण ते मी ठरवायचं होतं."

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. या वेळी कुणी अडवलं नाही, कारण शाळेत आता बाई होती. ती बहिणीकडे गेली. तिथे पाच महिने राहिली आणि परत आली. ठिणगीला म्हणाली, "बिगरीचा वर्ग असेल तर दे मला." पुढची बारा वर्षं ती आपल्याच विद्यार्थिनीच्या हाताखाली बिगरीला शिकवत राहिली. आमच्याशी मात्र दोन वर्षं बोलली नाही. शेवटी वडीलच तिच्याकडे गेले.

"ताई, चूक झाली."

"चूक नव्हे रे. ठरवून केलं त्यांनी. आणि तू ठरवून गप्प बसलास."

"हो," वडील म्हणाले. त्यांनी हो म्हटलं म्हणूनच ती आली असावी. तेव्हापासून दर रविवारी जेवायला यायची.

मी शिकायला शहरात जायला निघाले तेव्हा तिला विचारलं, "आत्या, तेव्हा सुटली होतीस की. परत कशाला आलीस?"

ती माझ्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "तिथे सकाळी उठले की काय करायचं ते कळायचं नाही गं," ती म्हणाली. "बहीण म्हणायची, आराम कर. मला तो येत नव्हता. शेजारच्या पोरांना अंगणात बसवून मुळाक्षरं गिरवून घ्यायला लागले, तेव्हा म्हटलं, हेच करायचं तर आपल्या शाळेत काय वाईट?"

"मग आता बरं वाटतं का?"

"मुलींकडे बघून बरं वाटतं," ती म्हणाली. "माझं विचारू नकोस. आणि तू पोचलीस की पत्र टाक, पण रविवारी येऊ नकोस लगेच. तिथेच राहा."